शनिवारवाड्यातला वाडा कुठे गेला?

दिल्ली दरवाजातून आत गेलेली माणसं साधारण अर्ध्या तासात बाहेर पडतात आणि त्यांच्यातला एखादा तरी म्हणतोच, "आत तर काहीच नाही." मी कसब्यात वाढलो, शनिवारवाड्यावरून रोजचं जाणं-येणं. हे वाक्य सहलीच्या बसमधून उतरलेल्या मुलांच्या तोंडून ऐकलंय आणि खास वाडा बघायला गावाहून आलेल्या एका आजोबांच्या तोंडूनही ऐकलंय. आजोबांचं मनाला जास्त लागलं. लहानपणापासून त्यांनी पेशव्यांचा सातमजली वाडा ऐकलेला, आणि समोर काय, तर हिरवळ, झाडं, बसायला बरे वाटावेत असे दगडी चौथरे आणि एक कोरडा हौद. त्यांना त्या दिवशी जे सांगायला हवं होतं आणि घाईत राहून गेलं, ते इथे लिहितो आहे.

थोडक्यात उत्तर असं. तट दगड-विटांचा होता, आतला वाडा लाकडाचा होता. १८२८ च्या आगीत लाकूड गेलं, दगड राहिला. आपण बाग म्हणून जिच्यात फिरतो ती वाड्याची जमीन आहे आणि ते चौथरे म्हणजे त्याच्या दालनांची जोती. पण एवढ्याने कुणाचं समाधान होत नाही, माझंही होत नव्हतं. एवढा थोरला वाडा लाकडावर उभा कसा होता? तो इतका पुरता कसा जळला? पुन्हा का बांधला नाही? आणि बाग कधी आली?

वाडा खांबांवर उभा असतो

थोरल्या बाजीरावांनी पुण्यात मुक्काम हलवला तेव्हा त्यांचं स्वतःचं घर इथे नव्हतं. कसब्यात धडफळ्यांच्या वाड्यात ते राहिले. मग मुठेच्या काठची जागा निवडली आणि १० जानेवारी १७३० ला पाया घातला. वार शनिवार. वास्तुशांत झाली ती २२ जानेवारी १७३२ ला, तोही शनिवारच. खर्च आला १६,११० रुपये. सागवान जुन्नरकडच्या जंगलातून आलं, दगड चिंचवडच्या खाणीतून, चुना जेजुरीकडून. कारागिरांची नावंही राहिली आहेत: देवजी आणि कोंडाजी सुतार, मोरारजी पाथरवट, जडावकामाला भोजराजा, रंगकामाला राघो. सुतारांची नावं आधी येतात हे मला फार योग्य वाटतं, कारण वाडा हे मुळात सुतारकाम आहे.

आपल्याला सिमेंटच्या घरांची सवय झाली, त्यामुळे भिंत म्हणजे घर असं डोक्यात बसलंय. वाड्याचं तसं नसतं. आधी जमिनीवर घडीव दगडांचं जोतं बांधतात. जोत्यावर ठरलेल्या अंतराने दगड बसवतात, त्याला तळखडा म्हणतात. तळखड्यावर लाकडी खांब उभा राहतो. खांब थेट जमिनीत रोवला तर ओल लागून कुजतो, वाळवी चढते. तळखड्यामुळे लाकूड मातीपासून सुटं राहतं. खांबांच्या डोक्यावर तुळया आडव्या जातात, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट, पाटांवर मातीचा जाड थर. हा कडीपाट म्हणजे खालच्या माणसाचं छत आणि वरच्या माणसाची जमीन. पुन्हा त्यावर खांब, पुन्हा तुळया. खांबांच्या मधली जागा विटांनी नाहीतर मातीच्या भेंड्यांनी भरून घेतात. वजन पेलतात ते खांब, भिंत नुसता आडोसा करते.

दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात. जुनी माणसं घराचं माप खणांत सांगत, पाच खणांचा दिवाणखाना, तीन खणांची ओसरी असं. तुळई जेवढ्या लांबीची मिळेल आणि जेवढं ओझं पेलेल, त्यावर खण ठरतो. हे एकदा कळलं की चौथऱ्यावर उभं राहून तुम्हाला दालन मोजता येतं. एका तळखड्यापासून दुसऱ्यापर्यंत चाला, तो एक खण. असे किती खण लांब, किती रुंद, हे मोजलं की छपराचा अंदाज येतो, आत किती माणसं बसत असतील तेही कळतं.

बाजीरावांनी बांधला तो वाडा आजच्या आवाराच्या मानाने लहानच होता. पुढे नानासाहेबांनी आणि नंतरच्या पेशव्यांनी त्यात भर घातली. म्हणून शनिवारवाडा ही एक इमारत समजू नये. चौकाला चौक लागून वाढत गेलेलं ते वाड्यांचं कुटुंब होतं. थोरल्या रायांचा दिवाणखाना, नाचाचा दिवाणखाना, जुना आरसेमहाल, हस्तिदंती महाल, नानासाहेबांनी गणेशोत्सवासाठी बांधवलेला गणपती रंगमहाल. याशिवाय कचेऱ्या, कोठ्या, पाकशाळा, देवघरं. राज्याचा कारभार आणि घरचा स्वयंपाक एकाच तटाच्या आत चालत होता.

तटाची हकीकत थोडी वेगळी. जवळ जाऊन पाहिलंत तर तट खाली दगडाचा आणि वर विटांचा दिसतो. यामागे एक गोष्ट सांगितली जाते: दगडी कोट बांधायचा मान छत्रपतींचा, म्हणून शाहू महाराजांची मर्जी राखत पेशव्यांनी वरचं काम विटांत केलं. उत्तरेकडच्या मोठ्या दरवाजाचंही तसंच. दिल्लीकडे तोंड करून दरवाजा म्हणजे दिल्लीपतीला आव्हान, ते शाहू महाराजांना पसंत नव्हतं, म्हणून काम रखडलं असं सांगतात. शाहू महाराज १७४९ च्या डिसेंबरात वारले आणि त्यानंतर नानासाहेबांनी तट व दरवाजा पुरा केला. मला या गोष्टी खोट्या पाडायच्या नाहीत, पण विटेचं काम हलकं होतं आणि लवकर उरकतं हेही कारण पुरेसं आहे.

एकूण दरवाजे पाच: दिल्ली, मस्तानी (त्यालाच अलीबहाद्दर दरवाजाही म्हणतात), खिडकी, गणेश आणि नारायण. बुरूज नऊ. दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवरचे अणकुचीदार खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीला बसवलेत, कारण दरवाजा फोडायला हत्तीची धडक देत. धडक देणारा हत्तीच जायबंदी व्हावा अशी ती योजना. आत शिरल्यावर वाट नाकासमोर जात नाही, वळते, म्हणजे आत घुसणाऱ्याचा वेग मोडतो. घरात काय आहे ते बाहेरून दिसू नये, हाही त्याचा फायदा.

कारंज्याचं पाणी कुठून यायचं

बागेत सगळ्यांचे पाय जिथे थांबतात ती जागा म्हणजे हजारी कारंजं. सोळा पाकळ्यांचं दगडी कमळ. सवाई माधवराव लहान असताना त्यांच्या कौतुकासाठी ते बांधलं. मुलं वाकून आत बघतात आणि विचारतात, मोटर कुठे होती?

मोटर नव्हती. पाणी कात्रजहून यायचं. नानासाहेबांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधवला आणि तिथून शहरापर्यंत जमिनीखालून दगडी नळ आणला. कात्रज शहरापासून सुमारे १० किलोमीटर दक्षिणेला, आणि पुण्यापेक्षा बरंच उंच. हा नळ काही ठिकाणी माणूस आत उभा राहून चालेल एवढा मोठा आहे. वाटेत हवा कोंडून पाणी अडू नये म्हणून जागोजागी उच्छ्वास बांधले. नावातच त्यांचं काम आहे, नळाने श्वास सोडायची जागा. हे पाणी शहरातल्या सार्वजनिक हौदांना जाई आणि वाड्यालाही.

आता कारंज्याचं तंत्र. बंद नळातून खाली आलेलं पाणी, वाट मिळाली तर, जिथून आलं त्या उंचीपर्यंत पुन्हा चढू पाहतं. नळाच्या घर्षणात त्याचा काही जोर जातो, पण उरलेला जोर बारीक छिद्रातून बाहेर काढला की फवारा उडतो. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, तेच. म्हणजे सुतार, पाथरवट यांच्या जोडीला पाण्याची पातळी अचूक ओळखणारी माणसं इथे कामाला होती. त्यांची नावं मात्र कुणाच्या तोंडी नाहीत.

याच कारंज्याशी वाड्यातली एक फार दुःखाची गोष्ट जोडलेली आहे. २५ ऑक्टोबर १७९५ ला सवाई माधवराव गणपती महालाच्या वरच्या मजल्यावरून खाली कारंज्यावर पडले आणि दोन दिवसांनी गेले. वय एकवीस. अंगात ताप होता. त्यांनी उडी घेतली की तापाच्या भरात तोल गेला, यावर आजही वाद होतो. जोत्याशेजारी उभं राहिलं की महाल आणि कारंजं यांत किती कमी अंतर होतं तेवढं स्वच्छ दिसतं.

काकांचं दालन आणि पुतण्याचं दालन

वाड्याचा नकाशा समजून घेतला की नारायणरावांच्या खुनाची गोष्टही वेगळी कळते. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस. थकलेल्या पगारासाठी गारदी, म्हणजे पगारावर ठेवलेले शिपाई, वाड्यात घुसले, पुढे सुमेरसिंग गारदी. नारायणराव पेशवे अठरा वर्षांचे. त्यांचे काका रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत होते. पुतण्या धावत काकांकडे गेला, मिठी मारली, आणि तिथेच मारला गेला, असं पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. आनंदीबाईंनी चिठ्ठीत 'ध'चा 'मा' केला हेही त्याच सांगण्यातलं.

वाटाडे पौर्णिमेच्या रात्री ऐकू येणाऱ्या "काका, मला वाचवा" या हाकेपाशी ही गोष्ट संपवतात आणि पुढे निघतात. ऐकणाऱ्या मुलांना हाक लक्षात राहते, मुलगा विसरला जातो, याचं मला वाईट वाटतं. खरं तर जोत्यांमधून चालताना या गोष्टीतली सगळ्यात जीवघेणी बाब लक्षात येते. मारायला सांगणारा, मारणारे आणि मरणारा, सगळे एका छपराखाली होते. कारभाराची सत्ता आणि भाऊबंदकी यांच्यामध्ये भिंत नव्हती, फार तर दोन-तीन चौक होते. रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवलं, तेही याच घराण्याच्या पदरी असलेले न्यायाधीश. नारायणरावांचा देह ज्या दरवाजातून बाहेर नेला त्याला नारायण दरवाजा हे नाव राहिलं.

दुसऱ्या बाजीरावांना या वाड्यात राहायला आवडत नसे. त्यांनी शहरात दुसरे वाडे बांधले: शुक्रवार वाडा, बुधवार वाडा, विश्रामबागवाडा. पुढच्या भागात यांतला एक वाडा उपयोगी पडणार आहे.

आग

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. पुढच्या वर्षी दुसरे बाजीराव शरण आले आणि त्यांची रवानगी गंगेकाठी बिठूरला झाली. मालक गेला, वाडा सरकारी झाला.

त्यानंतर दहाच वर्षांनी, १८२८ च्या फेब्रुवारीत, वाड्याला मोठी आग लागली. ती सात दिवस धुमसत होती असं सांगतात. वाड्याला त्याआधीही लहानमोठ्या आगी लागून गेल्या होत्या, पण तेव्हा आत नांदतं घर होतं, जळलेलं पुन्हा उभं राहत होतं.

सात दिवस आग कशी चालते, असा प्रश्न मला शाळेपासून पडायचा. वाड्याची बांधणी समजल्यावर उत्तर जुळत गेलं. जवळपास शंभर वर्षं वाळलेलं सागवान. सगळे खांब, तुळया, कड्या एकमेकांत अडकवलेल्या, म्हणजे आगीला एका दालनातून दुसऱ्यात जायला लाकडाचीच वाट. मधले चौक वरून उघडे, त्यांतून खालची हवा वर ओढली जाते आणि ज्वाळांना धुराड्यासारखी ओढ मिळते. भिंती पेलणाऱ्या नसल्यामुळे खांब गेला की वरचा मजला खाली. आणि मजल्यावर कडीपाटाचा मातीचा जाड थर. तो जळत्या तुळयांवर येऊन पडला की आग विझत नाही, झाकली जाते. कोळसा पाडणारे लोक लाकडाच्या ढिगावर माती थापतात ते याचसाठी, आतलं लाकूड हळूहळू, दिवसेंदिवस जळत राहावं म्हणून. जाड सागवानी खांब तसाही पटकन जळत नाही, बाहेरून कोळसा धरत आत जातो. मला वाटतं, ज्वाळा शांत झाल्यावरही ढिगाऱ्याखाली बरेच दिवस निखारे असणार.

तटाला मात्र जळण्यासारखं काही नव्हतं. जोती जमिनीबरोबर होती. दिल्ली दरवाजावरचा नगारखाना आतल्या चौकांपासून सुटा आणि दगडी बांधकामावर बसलेला, म्हणून तो वाचला. शहराच्या बाजूने वाडा होता तसाच दिसत राहिला आणि आत पोकळी झाली. आजही तीच फसगत होते. बाहेरून किल्ला दिसतो, म्हणून आत महाल असणार असं वाटतं.

पुन्हा का बांधला नाही? याचं उत्तर मला दुसऱ्या एका आगीत सापडतं. १३ मे १८७९ च्या रात्री पुण्यात बुधवार वाडा जळला आणि त्याच रात्री विश्रामबागवाड्याचाही काही भाग जळला. विश्रामबाग लोकवर्गणीची भर पडून दुरुस्त झाला आणि आजही उभा आहे. बुधवार वाडा गेला तो गेलाच. विश्रामबागेत १८२१ पासून संस्कृत पाठशाळा होती, पुढेही शाळा-कचेऱ्या राहिल्या, म्हणजे गावाचं आणि सरकारचं रोजचं काम त्या छपराखाली होतं. १८२८ मध्ये शनिवारवाड्याची गरज कुणाला होती? पेशवे बिठूरला, सरदार आपापल्या गावी, आणि नव्या सरकारला जुन्या सत्तेची गादी पुन्हा उभारण्याचं काही कारण नाही. ज्या घरात राहायला कुणी परत येणार नाही, ते घर कोण बांधतं?

ढिगाऱ्यावर काय काय झालं

पुढची जवळजवळ शंभर वर्षं लोक झटक्यात ओलांडतात. तटाबाहेरच्या मोकळ्या जागेत भाजीबाजार भरायचा. १८८६ मध्ये मंडईची नवी इमारत झाली आणि बाजार तिकडे गेला. एवढा पैसा इमारतीवर घालण्याला नगरपालिकेत महात्मा फुल्यांनी विरोध केला होता, आणि पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव दिलं गेलं. तटाच्या आत सरकारी वापर चालू राहिला, कोर्टाची इमारतही उभी राहिली. खाली पेशव्यांची जोती आणि वर कोर्टाच्या तारखा, अशी काही वर्षं गेली.

१९१९ मध्ये शनिवारवाडा संरक्षित स्मारक ठरला. कोर्टाची इमारत पाडली, माती उकरली, आणि १९२३ पर्यंत हे खोदकाम पुरं झालं. आपण आज जी जोती, पायऱ्या, हौद बघतो ते त्या वेळी पुन्हा उजेडात आले. हे ध्यानात घेण्यासारखं आहे. आपल्या पणजोबांच्या लहानपणी पुण्यात राहणाऱ्या माणसालासुद्धा हजारी कारंजं आजच्यासारखं दिसत नव्हतं. त्यानंतर मोकळ्या जागांवर हिरवळ आली, झाडं आली, पायवाटा आल्या.

बागेबद्दल माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. हिरवळीमुळे जागा जिवंत राहिली. दुपारी म्हातारी माणसं सावलीला बसतात, कॉलेजची मुलं अभ्यास करतात, बाहेरच्या पटांगणात सभा होतात. आचार्य अत्र्यांची भाषणं ऐकायला इथे जमलेल्या गर्दीबद्दल घरात अजून बोलतात. पण हिरवळीने एक घोटाळाही केला. जिथे गवत आहे तो चौक असेल किंवा दालनाची जमीनही असेल, पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. पायवाट वाड्याच्या जुन्या वाटेने जाते असंही नाही. एखाद्या जोत्यावर 'हा आरसेमहाल' अशी पाटी असावी, शेजारी उभ्या खांबांचं एक रेखाटन असावं, एवढी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

समोरच रस्त्यापलीकडे याच जातीची आणखी एक जागा आहे, तिचा उल्लेख करून पुढे जातो. शिवाजी महाराज आणि जिजाबाई जिथे राहिले आणि ५ एप्रिल १६६३ च्या रात्री जिथे शाहिस्तेखानावर छापा घातला, तो लाल महाल नाहीसा झाला. आज दिसणारी इमारत १९८० च्या दशकात नव्याने बांधलेली आहे आणि तिच्या लगत जिजामाता बाग आहे. घसरगुंडीवर खेळणारी मुलं कुठल्या अंगणात खेळतायत याची त्यांना कल्पना नसते.

हरवलेला वाडा बघायचा असेल तर

शनिवारवाड्याचा फोटो असणं शक्यच नव्हतं, फोटोग्राफीचं युग येण्याआधी तो गेला. पण एक चित्र आहे. १७९० मध्ये टिपूविरुद्ध पेशवे आणि इंग्रज यांचा तह झाला. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी चार्ल्स मॅलेट याने त्या दरबाराचं चित्र काढायचं काम जेम्स वेल्स या चित्रकाराला दिलं. वेल्सने पुण्यात राहून रेखाटनं केली, पण १७९५ मध्ये तो वारला. ती रेखाटनं घेऊन थॉमस डॅनियलने लंडनमध्ये १८०५ साली मोठं तैलचित्र पुरं केलं. ते आज तिथल्या टेट संग्रहात आहे. त्यात किशोरवयातले सवाई माधवराव गादीवर आहेत, भोवती दरबार, आणि मागे नक्षीदार खांब व महिरपींचं दालन. चित्रकाराने शोभेसाठी काही वाढवलंही असेल. तरी ज्या दालनाचं आज फक्त जोतं आहे, त्यात माणसं बसलेली दाखवणारी तीच एक मोठी खिडकी आहे. याच मंडळींबरोबर गंगाराम तांबट हा पुण्याचा चित्रकार काम करायचा. त्याची बरीच रेखाटनं अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. आपल्या गावचा माणूस, त्याच्या हाताने काढलेलं आपलं गाव, आणि ते बघायला सातासमुद्रापलीकडे जायचं, याची रुखरुख वाटते.

लंडनला जायची गरज नाही, पायी जाण्याच्या अंतरावरही बरंच काही आहे. वाड्याजवळच नाना फडणवीसांचा नाना वाडा आहे. आणि बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाडा. विश्रामबागेच्या लाकडी दर्शनी भागासमोर पाच मिनिटं उभे राहा. सुरूच्या झाडासारखे खाली फुगीर आणि वर निमुळते होत जाणारे खांब, खांबांच्या मधल्या महिरपी, टोकाला खाली लोंबणारं केळफूल. खांबाच्या बुडाशी बघा, तळखडा दिसेल. मग तो तळखडा डोळ्यांत ठेवून शनिवारवाड्यात परत या.

मी पाहुण्यांना हल्ली याच क्रमाने नेतो, आधी विश्रामबाग, मग शनिवारवाडा. फरक लगेच कळतो. मागच्या दिवाळीत भाची आली होती, नऊ वर्षांची. विश्रामबागेत तिने खांबाला मिठी मारून बघितली, हात पुरले नाहीत. शनिवारवाड्यात जोत्यावर चढल्यावर ती आपणहून दगड शोधत निघाली. "मामा, इथे एक खांब होता. इथे दुसरा. हा खण झाला." मग पावलं मोजत शेवटपर्यंत गेली आणि तिथून ओरडली, "हे आपल्या अख्ख्या फ्लॅटपेक्षा मोठं आहे!" जोत्याच्या कडेला तीन पायऱ्या आहेत, वर चढतात आणि हवेत संपतात. त्या तिने दहा वेळा चढल्या-उतरल्या. पायऱ्यांच्या मधला भाग झिजून किंचित खोलगट झालाय, तिथे तिने तळवा ठेवला आणि किती माणसं चढली असतील असं विचारलं.

तुम्ही गेलात तर शेवटी दिल्ली दरवाजावर, नगारखान्यात चढायला मिळालं तर चढा. तिथले खांब लाकडाचे आहेत. आतल्या महालांमध्ये जे होतं, त्याच जातीचं हे काम. जाताना दरवाजाच्या आतल्या भिंतींवर जुन्या चित्रांच्या पुसट खुणा दिसतील. वर एका बाजूला शहर दिसतं, घोड्यावरचे बाजीराव दिसतात. तिकडे पाठ करा आणि दक्षिणेकडे, बागेकडे तोंड करून उभे राहा. खाली असताना विस्कटलेले वाटणारे चौथरे इथून ओळीत लागतात. आधी कमळाचं कारंजं शोधा, ते सगळ्यात सोपं. मग त्याच्या शेजारचं जोतं. तिथून पुढे खण मोजायला लागा.